कथिलाचा अणू कुठे बसतो



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, ते हयातभर रसायनशास्त्र शिकवत राहिले. शिकवण्याइतकाच त्यांचा जीव प्रयोगशाळेत होता. म्हणून आजचा विषयही मी हातानं करायच्या रसायनशास्त्रातलाच घेतला आहे. काही धातूंच्या ऑक्साइडांचे अतिसूक्ष्म स्फटिक तयार करायचे, त्यांत दुसऱ्या धातूचे मोजके अणू मिसळायचे, आणि त्यांच्याकडून डोळ्यांना न दिसणारा प्रकाश अडवून घ्यायचा, असं हे काम आहे. विषयाचं नाव जड आहे, पण त्यातला मुद्दा कळायला कुणालाही अडचण येऊ नये.

सूर्याकडून जमिनीवर पोचणाऱ्या ऊर्जेपैकी जवळजवळ निम्मी ऊर्जा आपल्याला दिसतच नाही. ती अवरक्त किरणांची असते. विल्यम हर्शेलनं १८०० साली लोलकातून सूर्यप्रकाश पाडला, एकेका रंगात तापमापक ठेवून पाहिला, आणि तांबड्याच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथे पारा जास्त चढलेला त्याला आढळला. साधी काच या न दिसणाऱ्या उन्हाला फारशी अडवत नाही. वैशाख महिन्यात काचेच्या दर्शनी भिंतींच्या कचेरीत ज्यांनी दुपार काढली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. पडदा ओढला तर ऊन थांबतं, पण उजेडही जातो आणि मग भर दुपारी दिवे लावावे लागतात. उजेड आत घ्यायचा आणि त्याच्यासोबत येणारी अवरक्त झळ बाहेर ठेवायची, अशी निवड करणारा पदार्थ हवा. शक्य तर तो शाईसारखा काचेवर लावता यावा. असा पदार्थ मिळतो, आणि तो कसा मिळतो हे सांगण्यासाठी मला थोडं मागे, सोन्यापर्यंत जावं लागेल.

मायकेल फॅरडे यांनी १८५७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सोन्यावर एक व्याख्यान दिलं. सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात फॉस्फरस घालून त्यांनी माणकासारखा लाल द्रव तयार केला होता. हा लाल रंग सोन्याच्याच अतिसूक्ष्म कणांचा आहे, कण लहान झाले की सोन्याचा प्रकाशाशी व्यवहार बदलतो, हे त्यांनी ओळखलं. त्यांच्या बाटल्यांतलं सोनं रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपलेलं आहे. त्या रंगाचं गणित मात्र १९०८ साली गुस्टाव्ह मी या जर्मन शास्त्रज्ञानं मांडलं. धातूत काही इलेक्ट्रॉन कुठल्याही एका अणूला बांधलेले नसतात, ते मोकळे फिरतात, हे चित्र त्याआधी १९०० साली पाउल ड्रूड यांनी दिलं होतं. आमच्या क्षेत्रात आजही कुठल्याही नव्या नमुन्याचा वर्णपट हाती आला की पहिला हिशेब ड्रूडच्या समीकरणानंच होतो.

भरलेली घागर घेऊन चालताना पाणी हिंदकळतं. त्या हिंदकळण्याला स्वतःची एक लय असते, आणि आपली चाल त्या लयीला जुळली की पाणी उसळून बाहेर येतं. धातूच्या सूक्ष्म कणातल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांचं असंच होतं. प्रकाश ही बदलत्या विद्युतक्षेत्राची लाट आहे. ती कणावरून जाते तेव्हा सगळे इलेक्ट्रॉन एकदम एका बाजूला सरकतात, मागे राहिलेला धनभार त्यांना परत खेचतो, ते दुसऱ्या बाजूला जातात. या सामूहिक हेलकाव्याला प्लाझ्मॉन म्हणतात. प्रकाशाची वारंवारता या हेलकाव्याच्या लयीशी जुळली की कण तो प्रकाश जोरानं शोषतो. सोन्याच्या बारीक कणांत ही लय हिरव्या रंगाशी, ५२० नॅनोमीटरच्या आसपास जुळते. हिरवा गेला की उरतो तो लाल.

ही लय मुख्यतः एका गोष्टीवर ठरते. एवढ्याशा जागेत मोकळे इलेक्ट्रॉन किती, यावर. सोन्यात एका घननॅनोमीटरमध्ये सुमारे ५९ मोकळे इलेक्ट्रॉन असतात. हा आकडा सोन्यानं ठरवून दिलेला आहे, त्यात आपल्याला ढवळाढवळ करता येत नाही. कणाचा आकार लांबट केला, पोकळ केला तर लय थोडी हलते, पण इलेक्ट्रॉन तेवढेच राहतात. आता हीच संख्या ५९ वरून एकावर आणली तर? लय संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते, म्हणून ती साठपट उतरत नाही, आठपटीहून थोडी कमी उतरते. पदार्थातल्या इलेक्ट्रॉनांचं परिणामी वस्तुमान, भोवतालचं माध्यम वगैरेंचा हिशेब धरला की शोषण १६०० ते २२०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात येऊन बसतं. म्हणजे दिसणारा उजेड मोकळा सुटतो आणि अवरक्त अडतं. घननॅनोमीटरमागे एक मोकळा इलेक्ट्रॉन असलेला धातू मात्र निसर्गात मिळत नाही. तो घडवावा लागतो, आणि ऑक्साइडांचं महत्त्व इथे सुरू होतं.

तुमच्या खिशातल्या मोबाइलच्या काचेवर असा एक पदार्थ आहे. इंडियम ऑक्साइडमध्ये थोडं कथील घातलेला हा पारदर्शक थर वीज वाहून नेतो, आणि बोट टेकलं की फोनला ते त्यामुळेच कळतं. पारदर्शक असूनही वीज वाहणारा पहिला पदार्थ नोंदवला तो १९०७ साली कार्ल बेडेकर यांनी. नावावरून गैरसमज नको, हे बेडेकर जर्मनीतले, प्रवाशांच्या मार्गदर्शक पुस्तकांसाठी गाजलेल्या घराण्यातले. त्यांनी कॅडमियमचा पातळ थर हवेत तापवून त्याचं ऑक्साइड केलं आणि त्यातून वीज जाते हे मोजून दाखवलं. १९१४ साली पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीलाच ते मारले गेले. इंडियमची कथाही जर्मनीतलीच. १८६३ साली फ्रायबर्गमध्ये फर्डिनांड राइख जस्ताच्या खनिजाची तपासणी करत होते. राइख यांना रंग नीट ओळखता येत नसत, म्हणून वर्णपट पाहायला त्यांनी थिओडोर रिख्टर यांना बसवलं, आणि रिख्टर यांना आधी कुणी न पाहिलेली गडद निळी रेषा दिसली. तेच इंडियम. आजही ते प्रामुख्यानं जस्त शुद्ध करताना उपउत्पादन म्हणूनच हाती लागतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिची गरज पडेल.

आता डोपिंग, म्हणजे स्फटिकात हे परके अणू मिसळणं. इंडियम ऑक्साइडमध्ये प्रत्येक इंडियम तीन इलेक्ट्रॉन देऊन बसलेला असतो. त्याच्या जागी कथिलाचा अणू बसला, तेच कथील ज्याची आपण भांड्यांना कल्हई करायचो, तर तो चार देऊ शकतो. तीन बंधांत खर्ची पडतात आणि चौथा मोकळा सुटतो. कागदावर हा हिशेब फार सरळ दिसतो. एक कथील, एक मोकळा इलेक्ट्रॉन. पण प्रत्यक्ष स्फटिकात मोजून पाहू.

दहा नॅनोमीटर व्यासाचा एक गोल स्फटिक घेऊ. इंडियम ऑक्साइडची एकक पेटी साधारण एका घननॅनोमीटरची असते आणि तिच्यात इंडियमच्या ३२ जागा असतात. म्हणजे आपल्या स्फटिकात इंडियमच्या सुमारे १६,००० जागा झाल्या. त्यांतल्या दहा टक्के जागांवर कथील बसवलं तर १,६०० कथिलाचे अणू. हिशेबानं १,६०० मोकळे इलेक्ट्रॉन मिळायला हवेत. वर्णपटावरून काढलं तर मिळतात पाचशेच्या आसपास, घननॅनोमीटरमागे एक या दरानं. उरलेले हजारभर कथिलाचे अणू स्फटिकात आहेत, पण त्यांचा इलेक्ट्रॉन आपल्या कामाला येत नाही. कुणाच्या शेजारी ऑक्सिजनचा एक जादा अणू येऊन बसला आहे आणि त्यानं तो इलेक्ट्रॉन पकडला आहे. कुणी पृष्ठभागावर आहे, तिथल्या दोषांनी त्याचा इलेक्ट्रॉन गिळला आहे. कथील वाढवत नेलं की एका मर्यादेपर्यंत इलेक्ट्रॉन वाढतात, आणि दहा टक्क्यांच्या आसपास ही वाढ थांबते. त्यापुढे जास्त कथील घातलं तर प्लाझ्मॉन उलट मागे, लांब तरंगांकडे सरकतो. म्हणजे तुम्ही कथील किती घातलंत यावर ठरत नाही, ते कुठे बसलं आणि कसं बसलं यावर ठरतं. माझं आजचं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे, पुढे मी त्याचेच पुरावे देणार आहे.

हे स्फटिक बनतात कसे, यावर मी जरा रेंगाळणार आहे. वर्णपट काढायला यंत्र असतं, समीकरण सोडवायला संगणक असतो, पण कथिलाचा अणू हव्या जागी बसवायला अजूनही चंबू, शेगडी आणि माणसाचं लक्ष लागतं.

सूक्ष्म स्फटिक द्रवात वाढवण्याची आधुनिक रीत १९९३ साली क्रिस्टोफर मरे, डेव्हिड नॉरिस आणि मुंगी बावेंडी यांनी कॅडमियम सेलेनाइडसाठी घालून दिली. बावेंडी यांना २०२३ साली लुई ब्रुस आणि अलेक्सेई एकिमोव यांच्यासोबत रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते या परंपरेबद्दलच. गरम द्रवात कच्चा माल एका झटक्यात सोडायचा, सगळे स्फटिक एकाच क्षणी जन्माला घालायचे, आणि मग नव्यांना जन्म न देता जुन्यांनाच वाढू द्यायचं, हे त्या रीतीचं सूत्र. ऑक्साइडांच्या बाबतीत ही रीत आणायला वेळ लागला. इंडियम आणि कथील यांचे क्षार वेगवेगळ्या वेगानं विघटित होतात. एक आधी संपतो, दुसरा मागे राहतो, आणि मग कथील स्फटिकाच्या पोटात न जाता वरच्या सालीत साचतं. २००९ साली जपानच्या त्सुकुबा विद्यापीठातल्या कानेहारा, तेरानिशी आणि सहकाऱ्यांनी कथिलाचं प्रमाण बदलून प्लाझ्मॉन हलवता येतो हे इंडियम ऑक्साइडच्या कणांत स्वच्छ दाखवलं, आणि मग जगभर या कामाला गती आली.

मला यांतली सर्वांत सुंदर रीत वाटते ती ऑरेगन विद्यापीठातल्या जेम्स हचिसन यांच्या गटाची. तिच्यात झटका नाही, घाई नाही. एका लहान चंबूत इंडियम ॲसिटेट आणि कथिलाचं ॲसिटेट ओलिक आम्लात घालून तापवायचं. ओलिक आम्ल म्हणजे ऑलिव्हच्या आणि आपल्या शेंगदाण्याच्या तेलातही भरपूर असतं तेच. धातू ॲसिटेटला सोडून ओलिक आम्लाशी जोडले जातात आणि शिर्क्याचा वास येऊ लागतो. तो वास पूर्ण जाईपर्यंत थांबायचं. दुसऱ्या, तीन तोंडांच्या चंबूत ओलेइल अल्कोहोल घ्यायचं, नायट्रोजनच्या झोतात २९० अंश सेल्सियसपर्यंत न्यायचं. मग सिरिंज पंपावर चढवलेल्या पिचकारीतून पहिलं द्रावण दुसऱ्यात थेंबाथेंबानं सोडायचं, मिनिटाला अर्ध्या मिलिलिटरपेक्षाही कमी. थेंब पडताच आम्ल आणि अल्कोहोल यांचं एस्टर होतं, धातूला एक हायड्रॉक्सिल मिळतं, असे दोन जोडीदार एकमेकांना भेटले की पाणी सोडून ऑक्साइडचा बंध तयार होतो. ते पाणी चंबूत राहता कामा नये. २९० अंशांच्या तेलात पाण्याचा थेंब परत पडला तर द्रव तडतडून उडतो आणि तापमान ढळतं, म्हणून चंबूच्या रबरी बुचात जाड सुई खुपसून ठेवतात आणि वाफ नायट्रोजनसोबत बाहेर काढतात.

या कामात उभं राहून पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे रंग. सुरुवातीला द्रव फिकट पिवळसर असतो. थेंब पडत राहतात तसा तो हिरवट होतो, मग निळसर हिरवा, आणि स्फटिक पुरते वाढले, त्यांच्यात इलेक्ट्रॉन भरले की गडद निळा. एरवी अवरक्तात बसलेलं शोषण डोळ्यांना दिसत नाही, पण त्याची शेपटी तांबड्या रंगापर्यंत येते आणि तांबडं थोडं कापते. उरलेलं आपल्याला निळं दिसतं. अनुभवी विद्यार्थी निळ्याची छटा पाहून कथील बसलं की नुसतं पडून राहिलं याचा अंदाज बांधतो. नंतर इथेनॉल घालून कण खाली बसवायचे, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचे, वरचं गढूळ ओतून टाकायचं आणि टोल्यूइनमध्ये पुन्हा विरघळवायचे. हे दोनतीनदा. अवरक्त वर्णपट काढताना मात्र कण टेट्राक्लोरोएथिलीनमध्ये घेतात, कारण टोल्यूइनमधले कार्बन-हायड्रोजन बंध त्याच भागात स्वतःची शोषणं उमटवतात आणि कणांचा वर्णपट झाकून टाकतात. असे बारकावे पाठ्यपुस्तकात क्वचित येतात, आणि नमुना चांगला की वाईट हे बऱ्याचदा यांवरच ठरतं.

या संथ रीतीचा खरा फायदा आकार नेमका मिळतो एवढाच नाही. स्फटिक थरावर थर चढवत वाढतो, म्हणून पिचकारी बदलली की थर बदलतो. आधी कथील असलेलं द्रावण सोडा, मग निव्वळ इंडियमचं सोडा, तर कथील पोटात आणि बाहेर शुद्ध ऑक्साइडची साल मिळते. उलट केलं तर पोट शुद्ध आणि कथील बाहेर. एकूण कथील दोन्हीकडे तेवढंच, पण दोघांचे वर्णपट वेगळे येतात. याचं कारण आधीच २०१४ साली कॅलिफोर्नियातल्या डेलिया मिलिरॉन यांच्या गटानं उलगडलं होतं. कथील पृष्ठभागाकडे साचलं असेल तर त्याच्या भोवती दोष सहज जमतात, त्याचे इलेक्ट्रॉन कमी मोकळे होतात. पण जे मोकळे होतात ते पोटात, भारित परकीय अणूंपासून दूर फिरतात, त्यांना ठेचा कमी लागतात, आणि शोषणाचा पट्टा सुबक, सममित येतो. कथील सगळीकडे सारखं पसरलं तर इलेक्ट्रॉन जास्त मिळतात, पण प्रत्येकाच्या वाटेत कथिलाचा धनभार आडवा येतो आणि पट्टा पसरट, एका बाजूला कललेला होतो. संख्या हवी की स्वच्छता, ही निवड तुम्ही पिचकारी भरतानाच करून टाकलेली असते.

पृष्ठभागाचा आणखी एक खेळ २०१८ साली याच गटानं, तोवर ते टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन शाखेत गेले होते, सविस्तर मांडला. स्फटिकाच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन अडकून बसण्याच्या जागा असतात. त्या भरल्या की पृष्ठभागालगतचा एक पट्टा इलेक्ट्रॉनांविना रिकामा होतो. दहा नॅनोमीटरच्या स्फटिकात एकदोन नॅनोमीटरची रिकामी साल म्हणजे फार मोठी गोष्ट आहे. एक नॅनोमीटरची साल गेली तरी निम्मं घनफळ गेलं, कारण व्यास दहावरून आठवर येतो आणि घनफळ व्यासाच्या घनाप्रमाणे घटतं. हा हिशेब शाळेतला आहे, पण या क्षेत्रातल्या अनेकांना आपल्या आकड्यांचा मेळ का बसत नव्हता ते त्यातून कळलं. विजेचा दाब देऊन स्फटिकात इलेक्ट्रॉन भरले तर ही साल पातळ होते, काढून घेतले तर जाड होते. खिडकीच्या कामाला नेमकी हीच गोष्ट उपयोगी पडते.

आता इथलं थोडं. पाषाणला, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या शेजारीच असलेल्या आयसर पुणे या संस्थेत अंशुमान नाग आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २०१४ साली इंडियम ऑक्साइडच्या स्फटिकांत कथील आणि लोखंड एकदम बसवून दाखवलं. कथिलानं इलेक्ट्रॉन द्यायचे म्हणजे प्लाझ्मॉन मिळेल, लोखंडानं चुंबकीय गुण आणायचा, आणि दोघांनी एकाच स्फटिकात एकमेकांना त्रास न देता नांदायचं. हे बोलायला सोपं आहे. दोन परकीय धातू, दोघांच्या विघटनाचे वेग वेगळे, दोघांच्या जागांच्या आवडीनिवडी वेगळ्या, आणि मिश्रणात जरा इकडेतिकडे झालं की लोखंडाचं स्वतंत्र ऑक्साइड वेगळं पडायची भीती. पुढे त्यांनी क्रोमियम आणि कथील यांच्या जोडीवरही काम केलं. पुण्यात बसून या शाखेत पहिल्या रांगेतलं काम होतं, हे या सभागृहातल्या विद्यार्थ्यांना माहीत असायला हवं म्हणून मुद्दाम सांगतो.

इतर ऑक्साइडांबद्दल थोडक्यात बोलतो. कॅडमियम ऑक्साइडमध्ये इंडियम घातलं, सोबत ऑक्सिजनच्या काही जागी फ्लोरिन बसवलं, तर अवरक्तातले अतिशय अरुंद, टोकदार पट्टे मिळतात. मरे यांच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या प्रयोगशाळेनं हे काम फार देखणं केलं आहे. भौतिकशास्त्राच्या दृष्टीनं तो उत्तम पदार्थ आहे. पण कॅडमियम विषारी आहे आणि घराच्या खिडकीत मी ते लावू देणार नाही. टंगस्टन ऑक्साइडमध्ये बाहेरचा धातू न घालताही काम होतं. त्यातला थोडा ऑक्सिजन काढून घेतला की मागे राहिलेले इलेक्ट्रॉन मोकळे होतात. कार्तिश मंथीराम आणि पॉल अलिव्हिसाटोस यांनी २०१२ साली त्याचे प्लाझ्मॉन दाखवले. टंगस्टन ऑक्साइडच्या जाळीतल्या बोगद्यांत सिझियमचे अणू बसवले तर तो आणखी टिकाऊ होतो, आणि हा पदार्थ बाजारातही आला आहे. जपानच्या सुमितोमो मेटल मायनिंग कंपनीनं सिझियम टंगस्टन ऑक्साइडचे सूक्ष्म कण मोटारींच्या काचांसाठी आणि काचेवरच्या फिल्मसाठी आणले.

मोटारीत याचा एक फायदा असा की उष्णता परतवणाऱ्या काचांवरच्या चांदीच्या सलग थरासारखा तो मोबाइलचे आणि रेडिओचे संदेश अडवत नाही, कारण कण एकमेकांपासून सुटे असतात. तोटाही प्रामाणिकपणे सांगायला हवा. चांदीचा थर अवरक्ताला परतवतो, हे कण ते शोषतात. शोषलेली उष्णता काचेतच राहते, काच तापते, आणि त्या उष्णतेचा काही भाग आतही येतोच. म्हणून चांदीच्या थरांची जागा हे स्फटिक सरसकट घेतील असं मी म्हणत नाही. जिथे त्यांना तोड नाही ती जागा वेगळी आहे. मागणीप्रमाणे बदलणारी खिडकी.

२०११ साली बर्कलीच्या प्रयोगशाळेत मिलिरॉन यांच्या गटानं इंडियम-कथील ऑक्साइडच्या स्फटिकांचा थर विद्युताग्रावर पसरला आणि काही व्होल्टचा दाब बदलून त्याचं अवरक्त शोषण वरखाली करून दाखवलं. दृश्य प्रकाश तसाच आरपार जात राहिला. २०१३ साली त्यांनी हेच स्फटिक नायोबियम ऑक्साइडच्या काचेत रुजवले. त्या खिडकीला तीन अवस्था आहेत. एकीत उजेडही येतो, उष्णताही येते, थंडीच्या सकाळी हवी तशी. दुसरीत स्फटिकांत इलेक्ट्रॉन भरलेले असतात, उजेड येतो आणि अवरक्त अडतं. तिसरीत नायोबियमची काच स्वतःच काळसर होते आणि दोन्ही अडतात. यात कुठलाही पडदा सरकत नाही, हलणारा एकही भाग नाही. तीनही अवस्था इलेक्ट्रॉन किती आणि कुठे एवढ्यावरच चालतात.

आता इंडियमकडे परत येतो. ते जस्ताच्या मागोमाग येतं, म्हणजे मागणी वाढली म्हणून त्याचं उत्पादन लगेच वाढवता येत नाही. शिवाय त्यावर पडद्यांच्या उद्योगाचा पहिला हक्क आहे. मग ज्याच्यामागून इंडियम येतं त्या जस्ताकडेच का जाऊ नये? जस्त स्वस्त आहे, निर्धोक आहे. राजस्थानातल्या झावरला आपल्या कारागिरांनी मध्ययुगातच ऊर्ध्वपातनानं जस्त काढलं होतं, त्या भट्ट्यांचे अवशेष आजही पाहायला मिळतात. जस्ताच्या ऑक्साइडमध्ये ॲल्युमिनियम घातलं की तेही पारदर्शक आणि वाहक होतं. २०११ साली राफाएला बुओनसान्ती आणि मिलिरॉन यांनी त्याचे द्रवात तरंगणारे सूक्ष्म स्फटिक तयार केले. ते सुंदर होते, पण त्यांचं शोषण तीन हजार नॅनोमीटरच्या पलीकडे बसलं. सूर्याचं अवरक्त ऊन मुख्यतः अडीच हजारांच्या अलीकडे असतं. खिडकीला हवं तिथे जस्त पोचलंच नाही.

ही मर्यादा जस्ताची नाही, आपल्या संश्लेषणाची आहे. हेच ॲल्युमिनियम घातलेलं झिंक ऑक्साइड निर्वात पेटीत पातळ थर म्हणून बसवलं तर त्यात घननॅनोमीटरमागे एक इलेक्ट्रॉन मिळतो, इंडियमइतकाच. द्रवात वाढवलेल्या स्फटिकात मात्र त्याचा दहावा हिस्सा हाती लागतो. पदार्थ तोच, ऑक्साइड तेच, मग उरलेले इलेक्ट्रॉन गेले कुठे? ॲल्युमिनियम जस्ताच्या जागी बसलंच नसेल, किंवा बसून ऑक्सिजनच्या दोषांत अडकलं असेल, किंवा पृष्ठभागावर जाऊन राहिलं असेल. यांतलं काय खरं आहे आणि ते कसं सुधारायचं, हा प्रश्न चंबूजवळ उभं राहूनच सुटेल.

आपल्याकडे संश्लेषण करणाऱ्याला दुय्यम मानण्याची सवय आहे. सिद्धान्त मांडणारा मोठा, महागडं यंत्र चालवणारा त्याच्या खालोखाल, आणि चंबूशेजारी तासन्‌तास उभा राहणारा नुसता उकळत बसणारा. मला हे चुकीचं वाटतं, आणि या क्षेत्राचा इतिहास माझ्या बाजूनं आहे. ड्रूडचं समीकरण १९०० साली तयार होतं, मीचं गणित १९०८ साली. इंडियम-कथील ऑक्साइडचे पातळ थर कित्येक दशकं कारखान्यांत बनत होते. तरीही द्रवात तरंगणारे, हव्या लयीचे स्फटिक हातात यायला २००९ उजाडलं. मधली शंभर वर्षं कुणाला गणित येत नव्हतं असं नाही. कथिलाचा अणू कुठे बसवायचा हे कुणाला हातानं जमत नव्हतं.

म्हणून इथे बसलेल्या प्राध्यापकांना एक विनंती आहे. पदव्युत्तर वर्गांतल्या प्रात्यक्षिकांत एकतरी लांबलचक, संथ संश्लेषण ठेवा. विद्यार्थ्याला स्वतः तापमान सांभाळू द्या, रंग बदलताना स्वतः पाहू द्या, बिघडलेला नमुनाही वर्णपटावर चढवून त्याचं काय बिघडलं ते त्यालाच शोधू द्या. शोधनिबंध लिहिणाऱ्यांनी आपली कृती पूर्ण लिहावी. ढवळण्याचा वेग, नायट्रोजनचा झोत, थेंबांची गती, सुईची जाडी हे सगळं त्यात यावं, म्हणजे पुढच्याला ती परत करता येईल. आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी कुणाला हे काम करावंसं वाटलं तर इंडियमच्या रांगेत उभे राहू नका, ती रांग आधीच लांब आहे. जस्त घ्या. ॲल्युमिनियम चालत नसेल तर गॅलियम घालून पाहा, रीत बदला, पिचकारीचा वेग बदला. झिंक ऑक्साइडच्या स्फटिकात घननॅनोमीटरमागे एक मोकळा इलेक्ट्रॉन बसवून दाखवा.